मनोऱ्यावरून काय दिसतं

सही ती केवढी? पेन टेकवलं, एक वळसा दिला, खाली रेघ ओढली, संपलं. पार्सल आलं तर माणूस दारात उभ्या उभ्या करतो. पण तीच सही एखाद्या मोठ्या माणसाकडून हवी असली, की मग बघा मजा. चपला झिजतात, केस पिकतात, आणि मोठा माणूस म्हणतो, "ठेव, बघतो."

तुरुंगबाईचं नेमकं हेच झालं होतं. तुरुंगबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. कॉलेजात ती इतिहास शिकवायची, तोही कंत्राटावर, आणि विषय कुठलाही निघाला तरी गाडी फिरून तुरुंगावर यायची. तिचा प्रबंध तुरुंगांच्या इतिहासावर होता. लिहायला घेतला तेव्हा ती नवी सून होती, आणि आता चष्मा लावल्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तरी शेवटच्या पानावर गाइडची सही काही होत नव्हती.

"झाली का गं सही?" सासूबाई रोज संध्याकाळी दार उघडता उघडता विचारायच्या.

"नाही, आई."

"अगं, जन्मठेपेचा कैदीसुद्धा एव्हाना सुटून घरी आला असता. चांगली वागणूक म्हणून सूट बिट मिळते का तुमच्यात, विचार ना एकदा."

तुरुंगबाई हसायची. पण या वर्षी हसू येईनासं झालं होतं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, या सत्राअखेर डॉक्टरेट हातात नसेल तर कंत्राट पुढे चालू राहणार नाही. त्यांच्या वरच्यांचा तसा नियमच आला होता. म्हणजे सही झाली तर नोकरी, नाही तर घरी बसा. इतकं सरळ होतं.

आता ही सही अडली कुठे, ते सांगायला हवं. त्यासाठी इतिहासकारांची भांडणं थोडी समजून घ्यावी लागतील. घाबरू नका, सोसायटीच्या मीटिंगमधल्या भांडणांपेक्षा ती फार वेगळी नसतात.

तुरुंग मुळात आले कशाला, यावरून अभ्यासकांत दोन तट पडलेले. एक तट म्हणतो, पूर्वी गुन्हेगाराला भर चौकात फटके मारायचे, कपाळावर डाग द्यायचे, हात तोडायचे. मग लोकांना त्याची लाज वाटायला लागली, मन द्रवलं, आणि त्यांनी तुरुंग बांधले. माणसाला मारू नका, कोंडा आणि सुधारा. दुसरा तट म्हणतो, कसली दया आणि कसलं काय! फटक्यांनी भागेना म्हणून तुरुंग आले. माणसाला दिवसरात्र नजरेखाली ठेवायचं, घंटेवर उठवायचं, रांगेत चालवायचं, मान खाली घालून राबायची सवय लावायची. अशी घोटून तयार केलेली माणसं मग बाहेरच्या कारखान्यांनाही बरी पडतात.

तुरुंगबाईचे गाइड दुसऱ्या तटाचे. त्यांना सगळे पहारे सर म्हणायचे, कारण त्यांना जिथे तिथे पहारा दिसायचा. शाळेत पहारा, दवाखान्यात पहारा, बसच्या रांगेत पहारा. पहिल्या तटाचे म्होरके दुसऱ्या विद्यापीठात होते. त्यांचं नाव पडलं होतं दयाघन. हातात छडी घेतलेल्या मास्तरातही त्यांना माया दिसायची. या दोघांचं तीस वर्षांचं वैर. एकाने लेख लिहिला की दुसरा उत्तर लिहिणार, परिषदेत एक बोलायला उठला की दुसरा मुद्दाम चहाला जाणार. हिच्या प्रबंधावर बाहेरचे परीक्षक म्हणून नेमके दयाघनच नेमले गेले होते. म्हणजे रेड्यांची टक्कर आणि झाडावर काळ, तसं. आणि ते झाड म्हणजे ही बाई.

तुरुंगबाई स्वतः दोन्हीपैकी कुठल्याच तटाची नव्हती, हाच तिचा गुन्हा. ती म्हणायची, तुम्ही दोघंही तुरुंग बांधणाऱ्यांचंच ऐकताय. नकाशा काढणाऱ्याचं, अधीक्षकाचं, सरकारचं. आत राहणाऱ्याचं काय? नकाशातला तुरुंग निराळा आणि खरा निराळा. पहारेकऱ्यांच्या जागा नेहमी रिकाम्या, म्हणून जुने कैदीच नव्यांवर मुकादम नेमलेले. भिंतीपलीकडून तंबाखू येते, आतून निरोप जातात, कामाची वाटणी कैदीच आपसात ठरवतात. कागदावर शिस्त आणि आत घासाघीस. असं म्हणणारे जगात पुष्कळ होते, पण त्यांच्यातलं कोणी अजून सह्या करायच्या खुर्चीत बसलेलं नव्हतं.

या सगळ्या भांडणाच्या मधोमध उभा होता एक मनोरा. शहरातला जुना तुरुंग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मध्ये उंच दगडी मनोरा आणि सायकलच्या चाकाला आऱ्या असाव्यात तशा भोवती पाच बराकी, रस्त्याकडची बाजू तेवढी मोकळी. पहारे सरांचं गाजलेलं पुस्तक या मनोऱ्यावर उभं होतं. मनोऱ्यात बसलेला एक माणूस सगळ्या कोठड्या पाहू शकतो, तो मात्र कोणालाच दिसत नाही, असा त्यांचा सिद्धांत. त्या तुरुंगाचा नकाशा त्यांनी चौकट करून केबिनमध्ये लावला होता. दयाघन म्हणायचे, तो मनोरा म्हणजे घरातल्या बापाची नजर. पोरं विहिरीकडे जात नाहीत ना, एवढंच बघणारी.

गंमत अशी, की दोघांपैकी एकही त्या मनोऱ्यावर कधी चढला नव्हता. तुरुंग चालू होता तोवर परवानगी मिळेना, आणि बंद झाला तोवर वय झालं. शिवाय गरज काय? नकाशा होता, वार्षिक अहवाल होते, अधीक्षकांची टिपणं होती. दोघांनीही तुरुंग वाचला होता. आता आचाऱ्याने जेवण वाचून चालत नाही, पण इतिहासकारांचं चालतं.

दोन वर्षांपूर्वी बातमी आली, की तुरुंग पाडून तिथे मोटारींसाठी वाहनतळ करणार. तेव्हा विभागाच्या अध्यक्षबाईंनी खटपट करून एक दिवस आत जायची परवानगी काढली. अध्यक्षबाई मूळच्या भूगोलाच्या, सडेतोड, इतिहासवाल्यांच्या भांडणांना कंटाळलेल्या. त्यांनी पहारे सरांना नेलं, दयाघनांनाही मुद्दाम बोलावलं, आणि तुरुंगबाई अर्थातच सोबत गेली.

मनोऱ्याच्या पायथ्याशी लोखंडी दार होतं. रखवालदाराने कुलूप काढलं. आत गोल फिरत जाणारा अरुंद दगडी जिना, पायऱ्यांवर वटवाघळांची घाण, वास तर विचारू नका.

"माझे गुडघे," पहारे सर म्हणाले.

"मला उंचीवर चक्कर येते," दयाघन म्हणाले.

"तू जा गं वर," पहारे सर तुरुंगबाईला म्हणाले, "तू तरुण आहेस."

बेचाळिसावं वर्ष चालू होतं तिला. तरी गेली बिचारी, नाकाला पदर लावून, भिंत चाचपत. वर छोटी चौकोनी खोली होती आणि तिला चारही बाजूंना खिडक्या. तीन खिडक्या आतल्या बराकींकडे, एक बाहेर रस्त्याकडे. तिने आतल्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खाली नुसती कौलं! बराकींची छपरं इतकी पुढे आलेली, की एकसुद्धा कोठडी दिसत नव्हती, दार नाही, गज नाही, काही नाही. दुसऱ्या खिडकीत तेच. तिसऱ्या खिडकीतून डावीकडे एक मोकळं अंगण तेवढं दिसत होतं, मध्ये मोठ्या शिळा टाकलेलं.

"सर!" ती वरून ओरडली. "काही दिसत नाही हो! नुसती कौलं! एकही कोठडी दिसत नाही!"

खाली दोघांनीही माना वर केल्या.

"एक अंगण दिसतंय फक्त! डावीकडे! बायकांचं असावं!"

मग खाली जे भांडण पेटलं! "म्हणजे नजर ही कल्पनेतच होती, हेच तर मी म्हणतो!" "तुम्ही काय म्हणता, अहो, ही तर सरळ सरळ माणुसकी आहे!" तिला वरून दोघांची टकलं तेवढी दिसत होती, आणि हवेत फिरणारी बोटं.

तेव्हा ती सहज चौथ्या खिडकीकडे वळली, बाहेरच्या. समोर तुरुंगाची भिंत ओलांडून रस्ता दिसत होता, पलीकडे बाजार, पूल, घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे. आणि खिडकीचा दगडी कठडा झिजलेला होता. बाकी तिन्ही खिडक्यांचे कठडे कोरे, टाकीचे घाव जसेच्या तसे. या एकावर मात्र शेजारी शेजारी दोन गुळगुळीत खळगे पडलेले. तिने तिथे कोपरं टेकवली. बरोब्बर बसली.

ज्याला कोणाला इथे पहाऱ्याला बसवलं होतं, तो आत पाहतच नव्हता. तो बाहेर पाहत होता. एक नाही, एकामागून एक कितीतरी जण, इतकी वर्षं, की दगड झिजला.

"सर!" ती पुन्हा ओरडली. "इथला कठडा बघा, झिजलाय! बाहेरच्या बाजूचा!"

कोण ऐकतंय! खाली तोवर प्रकरण "तुमचं सत्तराव्या पानावरचं विधान" इथपर्यंत गेलं होतं.

त्यानंतर तिने वर्षभर मान मोडून काम केलं. अहवाल पुन्हा वाचले, या वेळी नव्या डोळ्यांनी. त्यांत पूर्वी नजरेआड झालेल्या ओळी सापडल्या. मनोऱ्यावर पगारी पहारेकरी ठेवणं परवडत नाही, म्हणून शिक्षा संपत आलेल्या जुन्या कैद्याला तिथे बसवतात. त्या कामासाठी कैद्यांत भांडणं होतात, तंबाखूची देवघेव होते. एका अधीक्षकाने वैतागून लिहिलेलं, मनोऱ्यावरचा माणूस आपल्या कामाकडे पाठ करून बसतो. म्हणजे सगळ्या तुरुंगात बाहेरचं जग दिसणारी ती एकच जागा होती, आणि ती कैद्यांनी आपल्या पदरात पाडून घेतली होती. ना दया, ना पहारा. तिसरंच काहीतरी. हे झालं तिचं चौथं प्रकरण, तिच्या सगळ्या प्रबंधाचा जीव.

एक चूकही तिने दुरुस्त केली. ते डावीकडचं अंगण बायकांचं नव्हतंच. त्या तुरुंगात बायका कधी ठेवल्याच नव्हत्या, त्यांची कोठडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. ते होतं कपडे धुवायचं अंगण. शिळा कपडे आपटायच्या, कडेला पाण्याची पन्हळ. प्रकरणाच्या पहिल्याच पानावर तिने स्वच्छ लिहिलं, की मनोऱ्यावरून पाहताना माझी अशी चूक झाली होती.

प्रकरण तिने पहारे सरांच्या हातात दिलं. सर म्हणाले, "ठेव, बघतो."

आठ महिने. मधून मधून ती विचारायची, सर म्हणायचे, "वाचतोय, वाचतोय, घाई करू नकोस, संशोधन म्हणजे काय भाजी आहे का?" ते गठ्ठ्यातलं प्रकरण ती केबिनमध्ये गेली की हळूच पाहायची. पहिल्या दिवशी लावलेली पिवळी क्लिप तशीच. वर चहाच्या कपाचा गोल डाग तेवढा नवा. चिडून चिडून तिची रात्रीची झोप उडाली. पण बोलणार कोणाला? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. गाइड बदलायचा तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि एक दिवस ग्रंथालयात नवं मासिक आलं. पहिलाच लेख पहारे सरांचा. ती उभ्या उभ्या वाचायला लागली. "मनोऱ्यावर उभं राहून पाहिलं असता," सरांनी लिहिलं होतं, "एकही कोठडी दिसत नाही, असं आढळतं." मग पुढे पाल्हाळ. दिसण्याची गरजच नव्हती, आपण दिसतो आहोत ही भीती पुरेशी होती, आणि ज्या अर्थी फक्त बायकांचं अंगण दिसत होतं, त्या अर्थी सत्तेचा खरा डोळा बाईवर होता.

तिने मासिक मिटलं, पुन्हा उघडलं. नाव? कुठे नाव नाही. तळटिपेत नाही, आभारात नाही. वर चढली ती, वटवाघळांची घाण तुडवली तिने, आणि "उभं राहून पाहिलं" म्हणे यांनी!

पुढच्या अंकात दयाघनांचं उत्तर. "आम्हीही मनोऱ्यावर उभं राहून पाहिलं आहे." अहो, काय सांगता! त्यांचा निष्कर्ष असा, की बांधणाऱ्यांनी कैद्यांचा खासगीपणा जपला, आणि नजर ठेवली ती फक्त अबला स्त्रियांवर, त्यांच्या रक्षणासाठी, केवळ करुणेपोटी.

घरी येऊन तिने दोन्ही अंक सासूबाईंपुढे आदळले. नवरा पाणी घेऊन आला तर त्याच्यावरच ओरडली, "तू मध्ये पडू नकोस!" तो बिचारा पेला ठेवून सटकला.

सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कष्ट तुझे आणि बोलणं यांचं."

"हो!"

"आणि आता तुझं तेच लिखाण पुढे आलं, की म्हणणार, हे तर आम्ही आधीच लिहिलंय."

तुरुंगबाई थबकली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मटकन खुर्चीत बसली.

"तू रडू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "चिड. तुला चिडलेलं बरं दिसतं."

सासूबाईंचं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं. सत्र संपायला आठवडा राहिला, तेव्हा अध्यक्षबाईंनी पाय आपटून तोंडी परीक्षेची तारीख लावली, सत्राच्या अगदी शेवटच्या दिवसाची. गाइडची सही नसली तरी चालेल, म्हणाल्या, सगळ्या सह्या त्याच दिवशी होतील. लांबट टेबल, चहाचे कप, खिडकीला जुना कुरकुरणारा पंखा. एका बाजूला पहारे सर, दुसऱ्या बाजूला दयाघन, मध्ये अध्यक्षबाई. समोर तुरुंगबाई एकटी, जाडजूड प्रबंध घेऊन. बाजूला सह्यांचा कोरा कागद.

पहिली तीन प्रकरणं बरी गेली. दोघांनी एकमेकांना टोमणे मारायला तिचा उपयोग केला, पण ते रोजचंच होतं. मग दयाघनांनी चष्मा पुसला.

"या चौथ्या प्रकरणाबद्दल मला प्रामाणिकपणे एक विचारायचंय. यात नवीन काय आहे? मनोऱ्यावरून कोठड्या दिसत नाहीत, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. मी लिहिलंय. यांनीही लिहिलंय."

आणि पहारे सरांनी मान हलवली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना दयाघनांचं म्हणणं पटलं होतं!

"तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "मी तर सुचवीन, की हे प्रकरण गाळ, आमचे दोन्ही लेख संदर्भ म्हणून दे, आणि सहा महिन्यांत पुन्हा सादर कर. काम सुटसुटीत होईल."

सहा महिने. म्हणजे नोकरी गेली. तुरुंगबाईची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत ती किती वेळा "हो सर" म्हणाली असेल! तेच दोन शब्द सवयीने ओठांवर आलेसुद्धा. तिने ते गिळले.

"सर, पहिल्या वर्षाच्या वर्गात तुम्ही आम्हाला एक शिकवलं होतं. आठवतं?"

"काय?"

"दोन कागदांत एकच खरी गोष्ट सापडली, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. खरं कोणालाही दिसू शकतं. पण दोन कागदांत एकच चूक सापडली, तर समजावं, की दोन्ही कागद एकाच तिसऱ्या ठिकाणावरून उतरवलेले आहेत."

"बरोबर. अगदी मूलभूत नियम आहे," सर म्हणाले. शिकवलेलं कोणी लक्षात ठेवलं की त्यांना बरं वाटायचं.

"मग तुम्ही दोघांनीही लिहिलंय, की मनोऱ्यावरून बायकांचं अंगण दिसतं."

"दिसतंच!" दयाघन म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"तिथे बायकांचं अंगण नाही. त्या तुरुंगात बायका कधी नव्हत्याच. ते कपडे धुवायचं अंगण आहे. मी वरून ओरडले होते 'बायकांचं असावं' म्हणून, आणि चुकीचं ओरडले होते. ही चूक जगात फक्त माझी आहे, सर. तुमच्या दोघांच्या लेखांत ती कुठून आली?"

पंखा कुरकुरत राहिला. पहारे सरांनी कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला.

"हे चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर लिहिलंय," ती म्हणाली. आता थांबणं शक्य नव्हतं. "अगदी पहिल्या. तेवढंही कोणी वाचलेलं नाही. करुणा काय, सत्तेचा डोळा काय! कपडे आपटायच्या दगडांवर तुम्ही एवढे सिद्धांत रचलेत!"

अध्यक्षबाईंना हसू फुटत होतं, ते त्यांनी रुमालात दाबलं. मग दोघांकडे आळीपाळीने पाहून विचारलं, "मला एक सांगा. मीही त्या दिवशी खालीच होते. तुमच्यापैकी वर कोण गेलं होतं?"

"प्रश्न प्रत्यक्ष चढण्याचा नाही," दयाघन म्हणाले, "तात्त्विक भूमिकेचा आहे."

"तात्त्विक भूमिकेला जिना चढता येतो का हो?"

दयाघन उठले. सह्यांचा कागद ओढून त्यांनी फर्रकन सही केली, पेनाचं टोपण तिथेच विसरले आणि गाडी चुकेल म्हणत निघून गेले. अध्यक्षबाईंनी त्यांच्याखाली सही केली. "आता एकच राहिली," म्हणाल्या, आणि कागद तुरुंगबाईच्या हातात देऊन त्याही बाहेर पडल्या.

पहारे सर बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले होते. म्हातारे दिसत होते. ती जवळ गेली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला एकदा वर ने," ते म्हणाले. "गुडघ्यांना पट्टे बांधून येईन. हळूहळू चढू."

"मनोरा मागच्या आठवड्यात पाडला, सर."

त्या मनोऱ्यावर त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं, आणि त्यांच्या घरापासून तो बसने चार थांब्यांवर होता. तुरुंगबाईला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. आठ महिन्यांपूर्वी हे प्रकरण वाचलं असतं, तर यांना खुर्चीत बसवून चार माणसांकरवी वर नेलं असतं तिने.

"चुकलंच माझं," सर पुटपुटले. खिशातून पेन काढलं. "आण तो कागद. सही करून टाकतो."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तिने जिवाचं रान केलं, ते वाक्य हे. कागद हातात होता. पुढे केला की झालं. सासूबाई दारात वाट पाहत असतील.

तिने कागद पाठीमागे धरला.

"करून टाकू नका, सर. आधी वाचा."

"आता?"

"आता. इथेच."

"अगं, तुझी नोकरी... कार्यालय बंद होईल."

"मग पटापट वाचा."

तिने आत जाऊन त्यांच्या केबिनमधल्या गठ्ठ्यातून चौथं प्रकरण काढून आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. सर खिसे चाचपायला लागले. "चष्मा कपाळावर आहे, सर," ती म्हणाली. त्यांनी तो नाकावर ओढला. पिवळी क्लिप काढली. ती शेजारी बाकावर बसली, हातांची घडी घालून. विद्यार्थी जाता येता बघत होते. बघू देत.

सरांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग एका ठिकाणी थांबले, बोट ठेवलं.

"कोपरं?" त्यांनी विचारलं.

"हो. दोन खळगे."

"म्हणजे तो... पाठ करून..."

"वाचा ना, पुढे आहे सगळं."

सर वाचत राहिले. घड्याळाकडे त्यांनी हळूच एक नजर टाकली, आणि दोन पानं एकदम उलटली.

"सर, मधलं एक राहिलं," तुरुंगबाई म्हणाली.

सरांनी मुकाट्याने पान मागे घेतलं.